हूवर मंडळींची पिवळी व्हॅन

ज्यांच्या घरी चार माणसं जेवायला बसली की हमखास वाजतं, त्यांनी या शनिवारी ‘लिटल मिस सनशाइन’ बघून टाका. 2006 चा सिनेमा. पटकथेला आणि आजोबा झालेल्या ॲलन आर्किनला ऑस्कर मिळालं होतं, पण माझी शिफारस त्यासाठी नाही. घरगुती सिनेमांत शेवटी सगळे रडतात, पाया पडतात, मिटवून टाकतात. इथे कोणी म्हणजे कोणी सुधारत नाही. मला तेच आवडलं.

हूवर कुटुंबातली मंडळी अशी. बाप रिचर्ड, जिंकण्याच्या नऊ पायऱ्या शिकवणारा. पुस्तकाचं काही जमत नाही, पण घरात प्रवचन चालू. (आपल्या इंदूरच्या भंवरकुआंला, त्या कोचिंग क्लासांच्या भागात, चक्कर मारा, होर्डिंगवर असे रिचर्ड ओळीनं दिसतील.) आई सगळ्यांचं करता करता कातावलेली. मामा फ्रँक आत्महत्येच्या प्रयत्नानंतर नुकताच दवाखान्यातून घरी आणलेला. मोठा मुलगा ड्वेन हवाई दलाच्या अकादमीत जाईपर्यंत मौन धरून बसलाय, काही सांगायचं तर कागदावर लिहितो. आजोबांना नशेपायी वृद्धाश्रमानं काढून टाकलंय. आणि सात वर्षांची ऑलिव्ह, गुबगुबीत, डोळ्यांवर मोठा चष्मा. तिला मुलींच्या सौंदर्यस्पर्धेत उतरायचंय. तेवढ्यासाठी अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाला, सुमारे आठशे मैल, अख्खं घर एका जुन्या पिवळ्या फोक्सवॅगन व्हॅनमधून निघतं.

वाटेत क्लच जातो. मेकॅनिक म्हणतो, तिसऱ्या-चौथ्या गिअरला क्लच लागत नाही, तेव्हा गाडी ढकला आणि वेग आला की गिअर टाका. मग काय, दर थांब्यानंतर सगळे मागून धक्का मारतात आणि पळत पळत एकेक जण आत उडी घेतो. इंदूरहून एबी रोडनं नाशिकच्या लग्नाला मारुती व्हॅनमध्ये कोंबून गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. बिजासनचा घाट येईपर्यंत काका आणि आत्या एकमेकांशी बोलायचे बंद झालेले असतात.

हॉटेलातला नाश्त्याचा प्रसंग नीट बघा. ऑलिव्ह वॅफलवर आइस्क्रीम मागवते. बाप अगदी प्रेमानं समजावतो, आइस्क्रीममध्ये फॅट असतं, ते अंगावर चढतं, स्पर्धेतल्या मुली असलं खात असतील का? पोरीचा चेहरा उतरतो, आइस्क्रीम तसंच राहतं. आपल्याकडे पोह्यांबरोबर दुसरी जिलेबी उचलणाऱ्या मुलीकडे मावशी असंच बघते, आणि भावाला मात्र ‘घे रे, अजून घे’. मी ती मुलगी होते, त्यामुळे माझा राग जरा जुना आहे. पण सिनेमात बापाशी कोणी फार भांडत बसत नाही. आजोबा म्हणतात, तुला नको ना, मग मी खातो. बाकीचेही चमचे घालतात आणि मिटक्या मारायला लागतात. ऑलिव्हला राहवत नाही. बाप चूक आहे हे त्याला कळलेलंच नसतं, पण पोरीच्या पोटात आइस्क्रीम जातं.

ड्वेनचं मौन सुटतं तो प्रसंग मी सांगणार नाही. एवढंच, की पोरगा व्हॅनमधून उतरून माळावर जाऊन बसतो, आईचं ऐकत नाही, कोणाचंच ऐकत नाही. ऑलिव्ह उतारावरून खाली जाते, त्याच्या शेजारी उकिडवी बसते आणि खांद्यावर डोकं टेकवते. एक शब्द नाही. आमच्या घरी अशा वेळी किमान पाच जण तरी उपदेश करायला धावले असते, त्यात मीही.

प्रवासात एक मृत्यूही होतो. दवाखान्यातली बाई फॉर्म पुढे सरकवते आणि तिकडे स्पर्धेची नावनोंदणी तीनला बंद होणार असते. त्यावर हसू कसं येतं म्हणाल, तर तेराव्याला श्रीखंड की जिलेबी यावरून रंगलेली जुगलबंदी आठवा.

स्पर्धेचा भाग मला जरा भडक वाटला. आयोजक बाई तर निव्वळ व्यंगचित्र. पण त्यातला राग खरा आहे. एवढ्या-एवढ्या मुली बाईसारख्या रंगवून, केस फुगवून उभ्या केलेल्या, त्यावर कोणाचा आक्षेप नाही. आणि आजोबांनी बसवलेला ऑलिव्हचा नाच सुरू झाला की सगळ्यांना सभ्यता आठवते. कॉलनीतल्या गणेशोत्सवात आयटम साँगवर नाचणाऱ्या चिमुरड्यांना आपण टाळ्या वाजवतो, मोबाइल वर धरतो. मग त्या प्रेक्षकांना नावं कोणत्या तोंडानं ठेवायची?

आजोबांची भाषा भयंकर आहे, तेव्हा लहान मुलांना सोबत बसवू नका. आणि उपासाच्या दिवशी लावू नका. सुरुवातीलाच बादलीभर तळलेलं चिकन टेबलावर येतं. आमच्याकडे नेमकी एकादशी होती. आजीनं तोंडाला पदर लावला, पण उठली नाही.