दोन बहिणींमध्ये जन्मलेले पुरुष

लेखाचं पहिलंच वाक्य होतं, 'नदीचे हे दोन बहिणींमध्ये जन्मलेले दोन पुरुष आहेत.'

मी चहाचा कप खाली ठेवला. 'सोप्पंय रे, गाण्यावरचा लेख आहे, जरा नजर टाक,' म्हणून एका मित्राने ज्ञानकोशातला हा लेख माझ्या गळ्यात मारला होता. गाणं 'माकारेना'. मी अर्ध्या तासाचा हिशोब केला. सातवीत, १९९६च्या गॅदरिंगला, मी स्वतः त्यावर नाचलोय. आणखी काय पात्रता हवी?

लेख यंत्राकडून भाषांतर करून घेतलेला होता, हे दुसऱ्या ओळीला कळलं. उलगडा व्हायला मात्र तास गेला. 'लोस देल रिओ', म्हणजे नदीकडची मंडळी, हे गाणं गाणाऱ्या जोडीचं नाव. त्यातले एक अंतोनियो, दुसरे राफाएल. 'दोस एर्मानास', म्हणजे दोन बहिणी, हे स्पेनमधल्या सेवियाजवळचं त्यांचं गाव. यंत्राने सरसकट सगळ्यांचं बारसं मराठीत केलं होतं. पुढे ज्या 'बेसाइड बॉइज'नी या गाण्यात इंग्रजी कडवी घातली, त्यांची 'खाडीकाठची मुले' झाली होती. नदीकडच्यांचं गाणं खाडीकडच्यांनी पळवलं, असा पाटबंधारे खात्यात शोभेलसा तंटा त्यातून उभा राहत होता. त्या खाडीकाठच्या अवतारात गाणं १९९६मध्ये १४ आठवडे 'गरम शंभर'च्या शिखरावर होतं म्हणे. मी तिथे 'बिलबोर्ड हॉट हंड्रेड', म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांची यादी, असं केलं आणि स्वतःवरच खूश झालो.

मग गाण्याच्या अर्थाकडे वळलो. लेखात 'आनंदी मुलीचे आनंदी गीत' असं होतं. शब्दकोश घेऊन बसलो, तर काय! या माकारेनाचा एक प्रियकर आहे, विटोरिनो. तो बिचारा फौजेत भरती होऊन झेंड्याची शपथ घेतोय आणि नेमकी तेव्हाच ही बया दुसऱ्या दोघांबरोबर मजा करतेय. आनंदी मुलगी हे तसं खोटं नव्हतं, पण विटोरिनोची बाजू कोणी मांडायची? आणि हे आम्ही सातवी ब ने टिकल्यांचे झगमगते शर्ट घालून प्रमुख पाहुण्यांसमोर सादर केलं होतं. पाहुणे निवृत्त सुभेदार होते. त्यांनी वन्स मोअर दिला होता.

शिवाय विटोरिनो हे नाव नाही, आडनाव. गाण्यात चक्क 'आपेयीदो' म्हटलंय. मला स्पॅनिश शून्य, पण एवढ्या एका शब्दावर मी अर्धा पान शेरा लिहिला. परीक्षकाला अशी जागा रोज सापडत नाही.

अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचाही उल्लेख होता. १९९६मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी 'माकारेना नृत्य सादर केले', असा. खरं तर आपली माकारेना दाखवतो म्हणून ते खांबासारखे निश्चल उभे राहिले होते, विनोद तोच होता. म्हणजे अख्ख्या लेखात ज्या एकाच नाचाचं वर्णन चार शब्दांत बिनचूक करता आलं असतं, नेमका तोच चुकला होता.

शेवटी आला 'नृत्याची कृती' हा विभाग. 'प्रथम उजवे ताडाचे झाड पुढे करावे, मग डावे.' तळहात! तो बदलला. पण पुढच्या पायऱ्या खऱ्या की खोट्या? मी दार लोटलं, मोबाईलवर गाणं लावलं आणि लेख वाचत वाचत स्वयंपाकघरात नाचायला लागलो. तळहात पालथे, एकेक करून. तळहात उताणे. उजवा हात डाव्या खांद्यावर, डावा उजव्यावर. मग कमरेवर, मग पाठीमागे. इथे कंबर हलवायची, तर गाणं अजून 'एऽऽ माकारेना'ला पोचलेलंच नव्हतं. उडी मारून वळलो तो फ्रिजवरचा कांद्याचा टोप खाली.

पुन्हा केलं. पुन्हा दोन मात्रा शिल्लक. लेखात काहीतरी गळलं होतं हे मला अंगाने कळत होतं. पण नियम असा की स्वतःचं संशोधन ज्ञानकोशात चालत नाही, छापील आधार लागतो. 'परीक्षकाने फ्रिजसमोर नाचून पाहिले' हा आधार होत नाही.

तिसऱ्या खेपेला दारात आई उभी. कधीपासून, कोण जाणे.

"डोक्यामागे हात राहिले तुझे," ती म्हणाली. "खांद्यानंतर डोकं, मग कंबर. आधी उजवा, मग डावा. महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतंस, विसरलास?" आणि हातातली पळी ओट्यावर ठेवून तिने करून दाखवलं. कंबर बरोब्बर 'एऽऽ'ला हलली.

मी कांदे गोळा केले आणि तेविसावा शेरा लिहिला: 'एक पायरी गळली आहे, आधार शोधून भरावी.' आई विश्वासार्ह आहे, पण अप्रकाशित.