बर्फ कुठे आहे?

नाशिकमध्ये बर्फ पडत नाही, हे मला गेल्या शनिवारी अंबडच्या एका वेल्डिंग शेडमध्ये निदान अकरा जणांनी समजावून सांगितले. माझ्या चपलेखाली साचत चाललेल्या हायड्रॉलिक तेलाविषयी मात्र त्यांपैकी एकालाही काही सुचवायचे नव्हते.

हकीगत साधी आहे. द्राक्षबागेत औषध फवारणीचा ब्लोअर ओढून ओढून थकलेला, साडेअठरा अश्वशक्तीचा एक जुना मिनी ट्रॅक्टर माझ्याकडे आहे. बागेच्या रस्त्यावर मुरूम पसरावा आणि शेणखताचे ढीग सारावेत म्हणून त्याला पुढे हायड्रॉलिक पाते बसवायचे माझ्या मनात होते. भंगाराच्या एका व्यापाऱ्याकडे परदेशातून आलेले पिवळे पाते २८,००० रुपयांत मिळाले. त्याला उचलणारा एक सिलिंडर होता, डावी-उजवीकडे तिरके करणारे दोन होते, आणि मधोमध सहा टोकांच्या हिमकणाचे निळे चित्र चिकटवलेले होते. ते चित्र मी घरीच खरवडून काढायला हवे होते.

शेडमध्ये अप्पा आधीच येऊन बसले होते. त्यांच्या लोखंडी खुर्चीचा एक पाय निखळला होता आणि माझ्या ट्रॅक्टरमुळे तिचा नंबर मागे गेला होता. त्यामुळे ते तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून माझ्या पात्याकडे, मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखे, खालपासून वरपर्यंत पाहत होते.

"हे काय म्हणायचं?"

"बर्फ सारायचं पातं आहे, अप्पा."

"बर्फ कुठंय?"

मी मुरमाचे सांगितले, शेणखताचे सांगितले. अप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "ते झालं हो, पण बर्फ कुठंय?"

एवढ्यात ग्रिलचे माप द्यायला एक गृहस्थ आले. अप्पांनी त्यांना परस्पर सांगून टाकले की हे दादा बर्फ काढायचे यंत्र बसवून घेत आहेत. चहावाला आला तेव्हा मी ट्रॅक्टर घेऊन मनालीला निघालो होतो. दुपारी पलीकडच्या लेथवरचे दोघे जेवणाचे डबे हातात घेऊन पाहायला आले, तोवर निफाडचा पारा दर थंडीत का घसरतो, द्राक्षमण्यांना तडे का जातात आणि बागाईतदार पहाटे शेकोट्या का पेटवतात, या सगळ्याची सांगड अप्पांनी माझ्या पात्याशी घातली होती. "वरून काहीतरी खबर असल्याशिवाय माणूस अठ्ठावीस हजार घालत नाही," असे ते खालच्या आवाजात म्हणाले. किंमत मी त्यांना सांगितलेलीच नव्हती.

आता मुद्द्याचे दुखणे. जुन्या मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट तेलाच्या दाबाने वर जाते आणि अवजाराच्या वजनाने आपोआप खाली येते. बाहेरच्या सिलिंडरला तेल देण्याची सोय माझ्या ट्रॅक्टरवर नव्हतीच. म्हणून पंपाची लाइन तोडून मध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह बसवायचा होता. व्हॉल्व्ह होता बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा आणि पात्याच्या होजवरची टोके होती एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीची. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींना इंचाला १४च आटे असतात, त्यामुळे टोक पहिले तीन-चार फेरे अगदी घरच्यासारखे आत जाते. पुढे कळते की एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे आणि दुसऱ्याचा ६०. मिस्त्रींनी टेफ्लॉन टेप गुंडाळली, पान्यावर पाइप चढवून जोर लावला आणि जोडातून तेलाचा एक बारीक, स्वच्छ थेंब बाहेर आला. तो पुसला की तिथे दुसरा येई. योग्य अडॅप्टर मिळेपर्यंत मी आठ दुकाने फिरलो.

त्याहून जास्त राग मला व्हॉल्व्हच्या दुकानदाराचा आहे आणि तो अजून गेलेला नाही. या ट्रॅक्टरचा गिअर पंप इंजिन चालू असेपर्यंत तेल ढकलतच राहतो. व्हॉल्व्हची दांडी मधोमध असली तरी त्या तेलाला टाकीत परतायला वाट लागते, म्हणजे व्हॉल्व्ह ओपन सेंटर असावा लागतो. मी हे तीनदा बजावले होते. "ओपन काय, क्लोज काय, सगळं एकच असतं, साहेब," असे म्हणून त्याने ६,५०० रुपये मोजून घेतले आणि मधोमध ती वाट बंद करणारा क्लोज सेंटर व्हॉल्व्ह हातात ठेवला. ट्रॅक्टर सुरू करताच जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हने शिट्टी धरली, इंजिन गुडघ्यावर आले आणि पाइप हात लावता येणार नाही इतका तापला. मी बदलून मागायला गेलो, तर त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. विकलेला माल परत न घेण्याची पाटी सुवाच्य अक्षरात लिहिता येते. विकायच्या आधी माल ओळखण्याची अक्कल मात्र कोणाला लागत नाही. दुसरा व्हॉल्व्ह मी दुसरीकडून घेतला. पहिला घरी कपाटात आहे.

संध्याकाळी पाते वर गेले, खाली आले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले. शेडबाहेर मुरमाचा एक ढीग होता. मी ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकून पाते त्याला भिडवले, तेव्हा ते ढिगासमोर अदबीने वाकले आणि मुरूम जागच्या जागी ठेवून वरून सरकले. बर्फाच्या पात्याला मागे जाड स्प्रिंगा असतात. बर्फाखाली दडलेला दगड किंवा फुटपाथची कड धारेला लागली, तर पाते पुढे लवते आणि अडथळा ओलांडला की पुन्हा सरळ होते. माझ्या पात्याला आमचा मुरूम हा एक अखंड फुटपाथच वाटत होता.

मिस्त्रींनी दोन पट्ट्या काढल्या. "स्प्रिंगा जाम करून टाकू, दादा. दहा मिनिटांचं काम." तसे केले तर प्रत्येक दणका सरळ चासीला बसणार, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. पण दिवस माझ्या डोक्यावरून गेला होता आणि मी मान हलवली.

अप्पांच्या खुर्चीला एव्हाना पाय लागला होता. ते त्याच खुर्चीत, ट्रॅक्टरच्या अगदी समोर, ऐसपैस बसले होते. मिस्त्रींनी होल्डर उचलताच ते ताडकन उठले.

"अहो, नका हो बिघडवू! उद्या बर्फ पडला म्हणजे?"

आणि खरे सांगतो, मिस्त्रींचा हात मीच धरला.