जरा वाजवून दाखवा

गेल्या गुरुवारी दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये, यूपीएस विकायला आलेल्या एका पंचविशीतल्या मुलासमोर आणि चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकलेल्या शिपायासमोर, तोंडाने ‘टीं... टीं... टीं’ असा आवाज काढला. खरे म्हणजे तो माझ्याकडून काढून घेण्यात आला, आणि काढून घेणारे गृहस्थ आमच्या कार्यालयात नोकरीलाही नाहीत.

आमचे कार्यालय करसल्लागाराचे, सदाशिव पेठेतले. दहा संगणक आणि एक सर्व्हर, त्यावर सगळ्या अशिलांचे हिशेब. पुण्यात गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार, आणि जुन्या यूपीएसच्या बॅटऱ्या फुगून निकामी झालेल्या, त्यामुळे लाइट गेली की सर्व्हर त्याच क्षणी मान टाकतो आणि अर्धवट लिहिल्या गेलेल्या फायली पुन्हा सरळ करत बसण्यात उरलेला दिवस जातो. हे २० तारखेला घडले, म्हणजे जीएसटीचे थ्री-बी हे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, तर अशिलाला दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि आम्हाला त्याची बोलणी. वास्तविक मी हिशेब पाहणारा माणूस. परंतु कधीकाळी प्रिंटरचे टोनर बदलताना मी सापडलो आणि तेव्हापासून ज्याला वायर आहे ते सगळे माझ्या खात्यात जमा झाले.

तरीही मी नवीन यूपीएसचे टिपण मन लावून केले. यूपीएसवर मोठ्या अक्षरांत व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, छापलेले असते, पण संगणक खातात ते वॅट. ६०० व्हीएच्या स्वस्त डबीतून बहुधा ३६०च वॅट मिळतात आणि हा आकडा पुठ्ठ्याच्या खोक्यावर शोधायला भिंग लागते. आमचा सर्व्हर, बॅकअपची डिस्क, स्विच, राउटर आणि फायबरची डबी मिळून साधारण ४०० वॅट, दहा संगणक पडद्यांसह १२०० वॅट, एकूण १६००. त्यावर पुढच्या वाढीसाठी २५ टक्के धरले की २००० वॅट होतात, आणि ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्हीएतला जेवढा भाग वॅट म्हणून हाती लागतो त्याने, भागले की २५०० व्हीए. म्हणजे ३ केव्हीएचा, अर्थात ३००० व्हीएचा, ऑनलाइन यूपीएस, सोबत बाहेर मांडायच्या मोठ्या बॅटऱ्या, आणि लाइट बराच वेळ आली नाही तर सर्व्हरला आपोआप नीट बंद करणारी केबल. लेझर प्रिंटर मात्र या लायनीवर अजिबात घ्यायचा नाही, कारण त्याची पट्टी तापताना तो क्षणात इतकी वीज ओढतो की बाकीच्यांचा जीव जातो. हे सगळे मी दोन पानांत, तक्त्यासकट लिहिले होते. ती पाने सरांच्या टेबलावर होती. त्यांवर चिवड्याची बशी होती.

आणि खुर्चीत अण्णा होते. अण्णा हे सरांचे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते रोज जेवण आटोपून कार्यालयात येतात आणि सर्व्हरच्या खोलीत आरामखुर्चीवर वामकुक्षी घेतात, कारण एसी असलेली खोली तेवढी एकच आहे. तो एसी यंत्रांसाठी बसवलेला आहे, अण्णांसाठी नव्हे. परंतु गारठा वाजतो म्हणून अण्णा थोड्या वेळाने तो बंद करतात. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर दहा अंशांना ते सुमारे निम्मे होते, हे मी सरांना पूर्वी सांगितले आहे. जुन्या बॅटऱ्या कशामुळे फुगल्या हा प्रश्न आमच्या कार्यालयात कोणी विचारत नाही.

मी टिपण वाचायला सुरुवात केली, तोच अण्णांनी विक्रेत्याला विचारले, “हे वाजतं का हो?”

“लाइट गेली की वाजतं, अण्णा,” मीच सांगितले. “बॅटरीवर चाललंय, हे कळावं म्हणून.”

“लाइट गेल्याचं कळायला ते कशाला वाजायला हवं? लाइट गेली की पंखा बंद पडतो. तेवढ्यानं कळतं की.”

“बरोबर आहे काका,” विक्रेता म्हणाला. हा मुलगा आयुष्यात पुढे जाणार, हे मला तेव्हाच दिसले.

“जुनं फार कर्कश होतं. डोळा लागला रे लागला की सुरू. तुमचं तसं नाही ना?”

“आमचा टोन सॉफ्ट आहे, काका.”

“सॉफ्ट म्हणजे किती? जुन्याचा कसा होता ते कळल्याशिवाय तुम्ही तरी कसं सांगणार?” असे म्हणून अण्णा माझ्याकडे वळले. ते मला नावाने हाक मारत नाहीत. “अहो कॉम्प्युटरवाले, जरा काढून दाखवा यांना आवाज.”

मी सरांकडे पाहिले. सर मोबाइलमध्ये होते. वर न पाहता ते म्हणाले, “दाखवा ना पटकन. पुढची मीटिंग आहे.”

मी आवाज काढला. अण्णा म्हणाले, “इतका हळू नव्हता. आणि मधलं अंतर तुम्ही कमी धरलंत.” मी अंतर वाढवून पुन्हा काढला. “आता बॅटरी संपत आल्यावरचा. तो दुगुन असायचा.” मी दुगुनही काढली. अण्णा दर वर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला भारतीय बैठकीत बसतात, तेव्हा लयीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग त्या मुलाने फोनवर आपल्या यंत्राचा व्हिडिओ लावला; अण्णांनी डोळे मिटून तो ऐकला आणि जाहीर केले, “हा खाली लागलाय. हा चालेल.” दारातला शिपाई ट्रे हातात धरून हे सगळे पाहत होता, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातले प्रत्येक जण मला ‘टीं’ करून सुप्रभात म्हणत होते.

आवाज बंद करण्याचे बटण बहुतेक यंत्रांवर असतेच, हे सांगण्याची संधी मला मिळाली नाही. कारण अण्णांचा पुढचा प्रश्न अधिक मूलगामी होता: “आणि एरवी घरघरतं का?”

इथे माझ्या ऑनलाइन यूपीएसचा निकाल लागला. ऑनलाइन यंत्र येणारी वीज सतत बॅटरीसारख्या एकदिश (डीसी) विजेत आणि तिथून पुन्हा २३० व्होल्टमध्ये बदलत राहते. म्हणून लाइट गेल्यावर त्याला शून्य वेळ लागतो, आणि म्हणूनच त्याचा पंखाही दिवसभर फिरतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यंत्राला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, संगणक तेवढा तग धरतात, आणि त्याचा पंखा एरवी बहुधा गप्प असतो. मुलाने क्षणात माप ओळखले आणि २ केव्हीएचे लाइन-इंटरॅक्टिव्ह यंत्र पुढे केले. त्यातून १२०० वॅट मिळतात. आमची गरज १६०० आहे. हे मी बोललो, स्पष्ट बोललो, आणि सर म्हणाले, “मग चार संगणक काढा त्यातून.” त्या चारांत पहिला माझा निघाला.

बाहेरच्या बॅटऱ्यांचा स्टँडही रद्द झाला, कारण तो आरामखुर्चीच्या पायथ्याशी आला असता. राहिल्या आतल्या लहान ९ एएचच्या, म्हणजे ९ अँपिअर-तासांच्या, बॅटऱ्या. हे ९ एएच वीस तास हळूहळू वीज काढली तरच मिळतात; आमच्यासारखी घाईने ओढली तर फार तर निम्मे हाती लागतात. म्हणजे काही मिनिटांचा खेळ. पाऊण तासाची सोय मागितली होती. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन मुलाने किमतीत सूट दिली, तिचे मात्र केबिनमध्ये मोठे कौतुक झाले.

सर्व्हर आपोआप बंद करणारी केबल आणि तिचे जोडकाम सरांनी शेवटी लाल पेनाने खोडले. “त्याला कशाला खर्च? तुम्ही आहात ना. लाइट गेली की जाऊन बंद करायचा.” माझा संगणक आता साध्या लायनीवर असल्यामुळे जागेवरून सर्व्हर बंद करता येणार नाही आणि त्याचा पासवर्ड इतरांना द्यायचा नाही असा सरांचाच दंडक आहे, तेव्हा जाऊनच बंद करावा लागेल, हे खरे होते. मी एवढेच विचारले की दुपारी दोन ते चार त्या खोलीला आतून कडी असते, तेव्हा काय करायचे.

सरांनी पहिल्यांदाच मोबाइलमधून डोके वर काढले, अण्णांकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, “हळूच ठोठवा.”