‘यूकेत सगळं फुकट’ म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर तो मेसेज आला, तुमच्याकडेही फिरत असेलच. ‘बाहेरचे कामगार ब्रिटनला खाऊन टाकतायत, व्हिसा लागला की दुसऱ्या दिवसापासून घर, भत्ता, दवाखाना फुकट, वर गोऱ्यांच्या नोकऱ्याही यांनाच.’ मी सोडून देणार होतो, पण आईनं सरळ रेडिंगला ताईला फोन लावला, "तुला सरकार महिन्याला किती देतं गं?" ताई दोन मिनिटं बोललीच नाही.

तर दवाखान्यापासून घ्या. वर्क व्हिसाचा अर्ज करतानाच हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यासाठीचा आकार, भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे लाखाच्या वर, आणि हप्ते बिप्ते नाहीत, जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे एकदम. नवराबायको तीन वर्षांसाठी निघाले की ६,२१० पौंड विमानात बसायच्या आधीच गेले! नर्स, केअरर (म्हातारे-आजारी माणसांची काळजी घेणारे) यांना सरचार्ज माफ आहे हे खरं, पण टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन-भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी) त्यांच्याही पगारातून कापतातच. घर-भत्त्याचं म्हणाल तर व्हिसाची अटच असते, पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत, मिळणार नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) नाही, कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, घर नाही. फुकट काय डोंबल मिळतंय?

नोकऱ्या पळवतात म्हणे. एप्रिल २०२० मध्ये अख्खं जग घरात बसलेलं असताना ब्रिटनमध्ये भाजी काढायला रुमानियातून चार्टर विमानानं मजूर आणले होते. २०२१ ला ट्रक ड्रायव्हर नाहीत म्हणून पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा सरकारनंच ड्रायव्हरांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा काढले. पळवलं कोणी?

आता ब्रिटन सरकारच्याच मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटीचा (स्थलांतरावर सल्ला देणारी समिती) २०१८ चा रिपोर्ट बघा. युरोपातून आलेले लोक घेतात त्यापेक्षा जास्त टॅक्स भरतात, आरोग्यसेवेलाही घेतात त्याहून जास्त देतात, असं त्यात आहे. हां, कमी पगाराच्या कामांत मजुरीवर थोडा दबाव येतो, घरांच्या किमती वाढतात, आणि युरोपबाहेरच्यांचा २०१६-१७ चा सरासरी हिशोब उणे निघाला, हेही त्यातच आहे, नाकारत नाही. पण त्या हिशोबात नुसते कामगार नाहीत, निर्वासित, कुटुंबं सगळे धरलेत.

मला खरा राग याचा येतो की हे ‘फुकट’ वाचून आपल्याकडची पोरं कर्ज काढून एजंटला पैसे देतात. केअरर म्हणून परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. आमच्या गल्लीतला एकजण गेल्याच महिन्यात ‘केअर व्हिसा’साठी टोकन देऊन आला.