मेंदी लावलेले मावळे

भाऊबीजेच्या रात्री साडेदहाला बी विंगच्या काकांनी माझे बुटके परत आणून दिले. फराळाच्या रिकाम्या डब्यातून. तळाशी चिवड्याचं तेल साचलं होतं आणि त्यात सगळे आडवे पडले होते, तळून निथळत ठेवलेल्या शेंगदाण्यांसारखे. मी मोजले. नऊ दिले होते, आठ आले. दिले होते म्हणजे आईने दिले होते. मी तेव्हा ऐरोलीला ऑफिसात होतो.

बुटके म्हणजे ड्वार्फ. वॉरहॅमर नावाचा टेबलावर मांडून खेळायचा युद्धाचा खेळ आहे, १९८३ साली इंग्लंडात निघालेला. त्यातलं सैन्य राखाडी प्लास्टिकच्या सुट्या तुकड्यांत येतं. हात वेगळे, मुंडकी वेगळी. जोडायचं आपण, रंगवायचंही आपण. सरळ माणूस असला तर साधारण २८ मिलिमीटर उंच, आणि बुटका आपल्या अंगठ्याच्या पेराएवढा. मी खेळत फारसा नाहीच. खेळायला समोर दुसरा माणूस लागतो, आणि रविवारी घोडबंदर रोड पार करून नौपाड्यात यायला कोणी तयार होत नाही. मी नुसता रंगवतो. आई याला ‘त्याच्या बाहुल्या’ म्हणते. पाहुण्यांसमोरसुद्धा.

ठाण्याच्या हवेत या छंदाला वेळापत्रक आहे. पावसाळ्यात दमट हवेत प्रायमरचा स्प्रे मारला की अंगावर रव्यासारखे दाणे उठतात. म्हणून जून ते सप्टेंबर नुसती कापाकापी. एकाचं डोकं दुसऱ्याला, कुऱ्हाडीचा हात तिसऱ्याला, आणि मधली फट बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी. परदेशात यासाठी निळी-पिवळी पट्टी मिळते, मळली की हिरवी होते. मी सिंकखालच्या गळतीसाठी आणलेलं एम-सील वापरतो. नऊच्या नऊ दाढ्या एम-सीलच्या होत्या, टाचणीने एकेक केस ओढलेल्या. ऑक्टोबरात रंग. केसांना आधी तपकिरी, त्यावर गडद नारिंगी, मग खोबणीत उतरणारा पातळ रंग, आणि शेवटी एकेका बटेवर फिक्या नारिंगीची रेघ. एका दाढीला दोन संध्याकाळी लागतात. डोळे आखताना मी श्वास धरतो. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला लोक चहा आणून देतात. माझ्याकडे त्याच वेळी हमखास ‘गॅस बंद कर’ म्हणून हाक येते.

तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी खाली उतरलो आणि पंपरूमशेजारच्या किल्ल्यावर मला माझे बुटके दिसले. ठाण्यात खरा किल्लाही आहे. मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं, तेव्हाचा. आता तिथे मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे आत जायला वेगळी पात्रता लागते. सोसायटीच्या किल्ल्यात मात्र कोणालाही भरती करतात.

काका लेंगा-बनियनवर उकिडवे बसून तटबंदीला गेरू लावत होते.

“काका, हे माझे आहेत.”

“अरे हो, वहिनींनी दिले. जांभळी नाक्यावरून आणलेले मावळे कमी पडले ना. बस. तिथे नको, तिथे अळीव पेरलेत.”

मी वाकून पाहिलं. “यांचे केस...”

“हां, ते. तुझी पण कमाल आहे हं. केशरी केस! मावळे काय मेंदी लावायचे?”

“ते मावळे नाहीत, काका. बुटके आहेत.”

“मावळे बुटकेच असायचे. बुटके आणि काटक. सह्याद्रीत ताडमाड माणसाचं काम नाही.”

“कशाने रंगवलेत?”

“काळा ऑइलपेंट. पार्किंगचे नंबर घातले, त्यातला उरला होता. काळजी नको, पावसात राहिले तरी जाणार नाही.”

हेच तर दुखणं होतं. तो रंग थिनरने काढावा, तर खालचं प्लास्टिकच विरघळायचं. कुऱ्हाडीही गायब होत्या. त्यांच्या जागी काड्यापेटीच्या काड्यांचे भाले, फेविक्विकने चिकटवलेले, आणि फेविक्विकची पांढरी वाफ चिलखतांवर बुरशीसारखी बसलेली. शेजारचे मातीचे मावळे यांच्या तिप्पट उंच होते. मी ते बोलून दाखवलं.

“लांबचा माणूस छोटाच दिसतो,” काका म्हणाले.

“पण ते महाराजांच्या सिंहासनाला टेकून उभे आहेत!”

“मग तू जरा लांबून बघ.”

आता माझा आवाज चढला. एरवी मी सोसायटीत कोणाशी वाद घालत नाही, पाण्याच्या वेळेवरूनसुद्धा नाही. “काका, मी तीन महिने बसून यांचं कन्व्हर्जन केलं होतं!”

काकांचा गेरूचा हात थांबला. “कन्व्हेयन्स?” म्हणजे बिल्डिंगखालची जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर करून घेणं. बिल्डर सही देत नसेल तर सरकारकडून करून घेतात, ते डीम्ड.

“कन्व्हर्जन.”

“तीन महिन्यांत? डीम्ड की साधं?”

“काका, मी या बुटक्यांचं—”

“बुटक्यांचं सोड. मी सेक्रेटरी असताना नऊ वर्षं ती फाइल घेऊन हिंडलोय. प्रत्येक वेळी एक कागद कमी. बिल्डर फोन उचलत नाही. आणि तू घरात बसून तीन महिन्यांत केलंस? कोणाच्या ओळखीने?” मग वर पहिल्या मजल्याकडे बघून, “अहो, ऐकलंत का! ए विंगच्या वहिनींचा मुलगा! कन्व्हेयन्स! तीन महिन्यांत!”

वरच्या गॅलरीत दोन डोकी आली. एका डोक्याने स्टँप ड्यूटी किती बसली ते विचारलं. मी कन्व्हर्जन म्हणजे काय ते सांगायला लागलो, की एकाचं मुंडकं कापून दुसऱ्याला लावायचं. काका मान हलवत म्हणाले, “अगदी बरोबर. त्याशिवाय होतच नाही.”

किल्ल्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ‘छोट्या मावळ्यांच्या’ बारकाव्याचं कौतुक केलं म्हणे. कोणी रंगवले ते विचारल्यावर पोरांनी काकांकडे बोट दाखवलं, आणि काकांनी ते काही खाली करायला लावलं नाही. हे मला वॉचमनकडून कळलं. अजून पचलेलं नाही.

नवव्यासाठी मी सकाळी चहाची गाळणी घेऊन खाली गेलो. किल्ला पोरांनी रात्रीच सुतळी बॉम्ब लावून उडवला होता. अर्धा तास माती चाळली. एक कुऱ्हाड सापडली, मुठीसकट. बाकी सगळा अळीव. वर आलो तर व्हॉट्सअॅपवर नोटीस: कन्व्हेयन्स उपसमिती, सभा रविवारी, सदस्यांत माझं नाव. कागदपत्रं सोबत आणावीत.

आठ जणांना साबणाच्या पाण्यात घालून ठेवलंय. चिवड्याचं तेल गेलं, रंग तसाच आहे. आई येता-जाता वाडग्यात डोकावते.

“काळेच बरे दिसतात रे,” काल म्हणाली. “आधी उगाच म्हातारे वाटायचे.”