साहेब युद्धावर बोलायला लागले की काय करावं

परराष्ट्र धोरण शिकायला दिल्लीला जायची काही गरज नाही. सांगली जिल्ह्यात राहता ना, मग आमदारसाहेबांच्या कुठल्याही उद्घाटनाला जाऊन बसा. हायमास्ट दिवा असो नाहीतर समाजमंदिराचं पत्र्याचं शेड, नारळ फुटेपर्यंत विषय गटारीचा असतो, नारळ फुटला की थेट लाहोर.

पण ऐकायची पण एक पद्धत असते राव. संविधान वगैरे वाचलं असेल तर ते घरी विसरून जा, कारण त्यात सातवी अनुसूची म्हणून एक भानगड आहे आणि तिच्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, युद्ध, तह हे सगळं केंद्राच्या यादीत टाकलंय, राज्याच्या वाट्याला आपलं पाणी, शेती, पोलीस, दवाखाने असलं किरकोळ. आता साहेबांसारख्या माणसाने किरकोळात किती दिवस अडकून पडायचं?

पहलगामला 22 एप्रिल 2025 ला 26 माणसं मारली, सगळ्या देशाचं रक्त खवळलं, सरकारने 1960 चा सिंधू करार स्थगित ठेवला. साहेबांनी त्याच आठवड्यात जाहीर केलं, एक थेंब जाऊ देणार नाही. टाळ्या वाजवा, पण वाजवताना जतचा विचार मनात आणू नका. सिंधू, झेलम, चिनाब अडवायच्या म्हणजे धरणं, बोगदे, कालवे, कितीतरी वर्षांचं काम, आणि इथे कृष्णेचं पाणी उचलून जतच्या पूर्व भागात न्यायचं म्हणून किती निवडणुका झाल्या ते मोजायला बसलात तर तुमची देशभक्ती संशयास्पद ठरेल. 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगितला, तेव्हा सीमेपलीकडे घुसून मारायची भाषा काय ऐकू आली नाही. ती सीमा वेगळी असेल.

फ्लेक्स मात्र नीट बघून ठेवा. ऑपरेशन सिंदूर झालं 7 मे ला, आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. राफेल बोटाएवढं, साहेब कमरेपर्यंत, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांचे चेहरे इतके दाटीवाटीने की कोपऱ्यातल्या एकाचा अर्धा कान कापला गेलाय. 10 मे ला सकाळी साहेब म्हणत होते आता इस्लामाबाद घेतल्याशिवाय थांबायचं नाही, संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली तर म्हणाले ही खरी मुत्सद्देगिरी. तुम्ही पण संध्याकाळपर्यंत मत बदलायची सवय लावून घ्या, सोपं असतंय.

यशवंतरावांचं उदाहरण चुकूनही काढू नका. देवराष्ट्र्यात जन्मलेला माणूस, 1962 ला चीनने तडाखा दिला तेव्हा संरक्षणमंत्री झाला, पुढे 1974 ला परराष्ट्रमंत्री, ती खाती त्यांना खरोखर सांभाळायला लागली आणि म्हणूनच बहुतेक इतकं ठामपणे बोलायचं कधी जमलं नसावं.

माजी सैनिकाला स्टेजवर घ्या, शाल द्या, नारळ द्या, माईक देऊ नका. आपल्या शेजारच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी गावच आहे, घरटी फौजी, पहिल्या महायुद्धापासूनची परंपरा. असल्या माणसाला युद्धाबद्दल विचारलं तर तो म्हणतो "थंडी लै होती" आणि खाली बसतो. सगळ्या कार्यक्रमाची हवा जाते. साहेब कसे, सरहद्द न बघता दीड तास बोलतात, घाम पुसायला मागे स्वतंत्र कार्यकर्ता लागतो.

दहशतवादावर साहेबांचा उपाय तयार आहे: सैन्याला एक दिवस मोकळीक द्या. हा एक दिवस नेमका कोणता आणि दुसऱ्या दिवशी काय, असलं विचारायचं नसतं, तेवढ्यात जेवणाची घोषणा होते.

आणि मागच्या रांगेतला कोणी तासगावचा बागायतदार उठलाच, की साहेब, बांगलादेशने द्राक्षावर आयात शुल्क वाढवलंय, चीनचा बेदाणा चोरवाटेनं आत येतोय आणि आमचा माल कोल्ड स्टोरेजला पडून आहे, ह्याच्यावर काहीतरी बोला, तर त्याला हाताला धरून खाली बसवा. साहेब घसा साफ करतील, घड्याळ बघतील आणि म्हणतील, "हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे."