आशाताईला दार का उघडायचं: बीपी-शुगरच्या फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. त्याचं सार असं: घरोघरी बीपी-शुगर तपासायला येणाऱ्यांना दार उघडू नका. सरकारनं परदेशी संस्थांशी संगनमत करून धडधाकट माणसांना आजारी ठरवायचा घाट घातलाय. त्यासाठी आकडे खाली आणले, मशीन खोटं बोलतं, आणि गोळी एकदा सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही. शेवटी उपाय म्हणून सैंधव मीठ आणि गूळ.

आधी ‘संगनमत’ बघू. भागीदारी आहे, आणि ती उघड आहे. उच्च रक्तदाबावरचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला. त्यात केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था आहे. बाहेरचे भागीदार प्रशिक्षण, नोंदी आणि देखरेखीला मदत करतात. गोळ्या सरकार खरेदी करतं आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. त्याही कोणत्या? अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, शुगरला मेटफॉर्मिन. यांची पेटंटं कधीच संपली. जनऔषधी केंद्रात अम्लोडिपिनची एक गोळी अर्ध्या चहापेक्षा स्वस्त पडते. कंपन्यांचे खिसे भरायचे असते, तर हीच औषधं कुणी निवडली असती का?

‘आकडे खाली आणले’ यात निम्मं खरं आहे, म्हणून ते पटतं. उपाशीपोटी शुगर 140 झाली की मधुमेह, अशी रेघ पूर्वी होती. 1997 मध्ये ती 126 वर आली. कारण डोळ्यांच्या पडद्याला इजा व्हायला 140 च्या बरीच आधी सुरुवात होते, असं तपासण्यांत दिसलं होतं. बीपीची गोष्ट मात्र संदेशाच्या उलट आहे. अमेरिकेतल्या संस्थांनी 2017 मध्ये रेघ 130/80 वर नेली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं ती 140/90 वरच ठेवली. जास्तीत जास्त लोकांना आजारी ठरवायचा बेत असता, तर ही संधी कुणी सोडली नसती.

आता मशीन. इथं थोडं थांबायला हवं, कारण मशीन खोटं बोलत नसलं तरी माणसं चुकीचं मोजतात. शेतातून आलेल्या माणसाचा दंड उभ्या-उभ्या पट्ट्यात अडकवला, तर आकडा फुगणारच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. लघवी करून यावं. खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून 5 मिनिटं गप्प बसावं. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही. दंड टेबलावर, छातीच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, शर्टाच्या बाहीवर नाही. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तोच आवळला की आकडा उगाच वर जातो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी घ्यावी. यातलं काही राहिलं तर तसं सांगा आणि पुन्हा मोजायला लावा, तो तुमचा हक्क आहे. एका मोजणीवर जन्माचा शिक्का बसत नाही. आकडा दुसऱ्या दिवशीही 140/90 किंवा वर आला, तरच निदान पक्कं होतं. अपवाद एकच: 180/110 किंवा त्याहून जास्त आलं, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शुगरच्या मशीनचंही तसंच. गुऱ्हाळावरून आलेल्या माणसाच्या बोटाला गुळाचा अंश असला, की पट्टीवर रक्तासोबत तोही मोजला जातो. हात साबणानं धुऊन कोरडे करा, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात पट्ट्यांची डबी उघडी राहिली की ओल धरून पट्ट्या बिघडतात. डबीवरची मुदत बघायला मागा. आणि दारात कधीही काढलेली शुगर 140 च्या वर आली, म्हणजे मधुमेह झाला असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की उपाशीपोटी आणि जेवणानंतर रीतसर तपासणी करायची.

आशाताई गोळी सुरू करत नाहीत, हेही संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. त्या फॉर्म भरतात: तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार. या उत्तरांचे गुण 4 च्या वर गेले की आधी बोलावतात, पण वयाच्या 30 वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी व्हायचीच असते. औषध ठरवतात ते डॉक्टर.

‘गोळी सुटत नाही.’ गोळीची सवय लागत नाही. आजार तसाच राहिलेला असतो, म्हणून ती बंद केली की बीपी परत चढतं. वजन, मीठ, दारू कमी केल्यावर काहींचा डोस घटतो, मधुमेहाच्या सुरुवातीला वजन बरंच उतरवलं तर काहींची शुगर गोळीशिवायही आटोक्यात राहते. पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. अ‍ॅटेनोलॉलसारखी बीपीची गोळी एकदम सोडली तर छातीत दुखण्यापर्यंत मजल जाते. लोक गोळी सोडतात ती बहुतेकदा त्रासामुळे: अम्लोडिपिननं घोटे सुजतात, एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो, मेटफॉर्मिननं पोट बिघडतं. पहिल्या दोन्हींना पर्यायी गोळ्या आहेत, तिसरी जेवणासोबत घेतली की बहुतेकांना सोसते.

संदेशात नसलेली, पण सीमाभागात रोज होणारी अडचण वेगळीच आहे. तपासणी कर्नाटकात, काम कोल्हापुरात नाहीतर गोव्यात. महिन्याच्या गोळ्या संपतात, गावी यायला जमत नाही, आणि उपचार तिथंच तुटतो. दवाखान्यातल्या उपचाराच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कार्ड कन्नडमध्ये असेल तर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मागा. ‘अम्लोडिपिन 5, सकाळी 1’ एवढ्यावर कोणत्याही राज्यातला सरकारी डॉक्टर उपचार पुढं चालू ठेवू शकतो. ‘ती पांढरी बारकी गोळी’ म्हणून भागत नाही.

सैंधवाला फार वेळ नको: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, वर त्यात बहुतेकदा आयोडीन नसतं. मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं आणि पापड त्यातच धरायचे. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच.

संदेशात तंबाखूचं मात्र नावही नाही, आणि तेही निपाणीच्या पट्ट्यात! याच तपासणीत तोंडही बघतात. पांढरा किंवा लाल चट्टा, 2 आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही असलं तर पुढं पाठवतात. मिश्री लावणाऱ्या बायका ‘आम्ही तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं जातं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ‘हो’ सांगायचं. सोडायची असेल तर 1800-112-356 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.